इंजिनावरचा पोचा

दीक्षानं पहिल्याच भेटीत मितेशला ‘दादा’ म्हटलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला पाचेक मिनिटं लागली.

श्रावणातली सर कोसळत होती. टेमघरच्या त्याच्या छोट्या वर्कशॉपच्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता की लेथ चालू आहे का बंद, तेही कळू नये. ती ओढणी डोक्यावर धरून आत शिरली तेव्हा त्याला वाटलं, पाऊस टाळायला थांबली असेल. पण तिनं ओढणी पिळली, चेहरा पुसला आणि सरळ काउंटरशी येऊन विचारलं, “दादा, वहीफणीतल्या जुन्या तारा आहेत का? गंजक्या चालतील, वाकड्या चालतील. फक्त डोळा शाबूत पाहिजे.”

भिवंडीत लूमचे पार्ट विचारायला कुणीही येतं. ताण्याचा एकेक धागा ज्या बारीक तारेच्या डोळ्यातून ओवतात, त्या तारा तर इथे गल्लोगल्ली कचऱ्यात पडलेल्या असतात. पण नुसत्या डोळ्यांसाठी त्या कुणी मागितल्याचं मितेशनं ऐकलं नव्हतं. किती पाहिजेत, त्यानं विचारलं. चाळीस. कशाला?

“रेलिंगला.”

“कुठल्या बिल्डिंगच्या?”

“इंजिनाच्या.”

तो हसला. ती हसली नाही. तिनं पिशवीतून स्टीलचा लांबट डबा काढला, झाकण उघडलं आणि स्पंजच्या गादीवर निजलेलं वाफेचं इंजिन त्याच्यासमोर ठेवलं. असेल सव्वा वीत लांब. चिमणी, घुमट, चाकांना जोडणारे दांडे, अंगावरून गेलेल्या केसाएवढ्या नळ्या... कोळशाच्या डब्यात खरा कोळसा कुटून भरलेला होता, आणि पाण्याच्या टाकीवरून खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ उतरले होते. मूळचं मॉडेल विलायती, सेकंडहँड घेतलेलं. तिनं त्याचं निम्मं अंग कापून टाकून त्याचं आपल्याकडचं पॅसेंजर गाडीचं इंजिन केलं होतं. आता बॉयलरच्या कडेनं धरायचा दांडा तेवढा लावायचा राहिला होता, आणि तो दांडा ओवायला तारेच्या डोळ्याइतकं नेमकं दुसरं काही नव्हतं.

“हे... कुणी बनवलं?” मितेशनं विचारलं.

हा प्रश्न तिच्या चांगलाच ओळखीचा असावा. “समोर उभी आहे ती,” ती म्हणाली.

त्यानं मग मोजून चाळीस नाही, मूठभर तारा निवडून दिल्या. ती जाताना वळून “थँक यू, दादा” म्हणाली, आणि तो शब्द मात्र मितेशला लागला.

दीक्षा भिवंडीजवळच्या पूर्ण्याला एका गोदामात कामाला होती. लोकांनी परत पाठवलेली खोकी उघडायची आणि आतलं काय मोडलंय, काय शाबूत आहे ते ठरवायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तू बघून झाल्या की घरी येऊन माळ्यावर बसायची आणि इंजिन करायची. राहायची टेमघरलाच, मितेशच्या वर्कशॉपपासून चार गल्ल्या पलीकडे. मितेश जवळच्याच वडपे गावचा. त्याच्या वडिलांच्या, रघूच्या, भातखाचरांपाशी आता गोदामांच्या भिंती आल्या होत्या. मितेश लेथ शिकला, स्वतःचं वर्कशॉप थाटलं आणि त्याच्या हाताचं नाव झालं. वाकलेली वस्तू मितेशकडून वाकडी परत येत नाही, असं लूमवाले म्हणायचे, आणि हे ऐकताना मितेश उगाचच दुसरीकडे बघायचा, आनंद दिसू नये म्हणून.

ती पुन्हा आली. मग पुन्हा. चिमणीची कड पितळेतून घडवायची होती, त्यासाठी लेथ हवा होता. तो म्हणाला, दोन मिनिटांत काढून देतो. ती म्हणाली, अजिबात नाही.

“माझ्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. लोक बघतात आणि विचारतात, भावानं केलं का? तुम्ही फक्त शिकवायचं. हात मागे.”

आणि मितेशनं खरंच हात मागे बांधले. ती लेथवर वाकलेली, कपाळावर केसांची बट, पितळेचा सोनेरी कीस उडतोय, आणि हा शेजारी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळकऱ्यासारखा हात मागे घेऊन उभा. तिची पहिली कड बिघडली, दुसरी बिघडली. सातवी जमली. ती तळहातावर धरून तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला असा अभिमान वाटला जणू ती त्यानंच केली होती.

“जमलं ना, मितेश?” ती म्हणाली. ‘दादा’ गळून पडल्याचं तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्याच्या मात्र आलं.

गणपती गेले, नवरात्र आलं. इंजिन पुरं झालं. ठाण्याला एका हॉलमध्ये मॉडेल करणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, येत्या रविवारी. दीक्षा तिथे आजोबांना घेऊन जाणार होती. पंढरीनाथ मनमाडच्या बाजूला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, आणि हे त्यांचंच इंजिन होतं. त्यांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून रंगाचा शेवटचा हात सुकेपर्यंत, बुधवारी संध्याकाळी, ती डबा मितेशकडे ठेवून गेली. एवढा विश्वास! वर्कशॉप बंद करेपर्यंत तो शीळ घालत होता.

गुरुवारी त्यानं डबा उघडून पाहिलं. फक्त बघायचं होतं... आणि त्याला दिसलं, केबिनच्या उजव्या बाजूला, खिडकीखाली पत्रा दबला होता. चांगला पोचा आला होता. डब्यात आपटलं असणार, बिचारीच्या लक्षातही आलं नसेल आणि रविवारी सगळ्यांसमोर दिसेल. मितेशचे हात मागे राहिनात. त्यानं ती बाजू दोन बारीक स्क्रू काढून सोडवली, सागाची खुंटी आतून टेकवून हलक्या हातानं पत्रा उठवला, वर काळा रंग फिरवला. आरशासारखं सपाट. आयुष्यात इतकं नाजूक काम त्यानं केलं नव्हतं, आणि ते कुणासाठी केलं होतं, हे आता त्याला स्वतःपासूनही लपवता येईना.

संध्याकाळी ती आली. तिनं इंजिन उचललं, खिडकीखाली अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“इथला पोचा कुठे गेला?”

“काढला,” मितेश म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

ती स्टुलावर बसली. इंजिन मांडीवर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “तो पडला नव्हता, मितेश. मी पाडला होता. अकरा रविवार लागले. तीन पत्रे वाया गेले.”

मग तिनं सांगितलं. एकोणऐंशीचा पावसाळा. मनमाडच्या पुढे डोंगर कापून केलेल्या एका कटिंगमध्ये दरड सुटली होती. गाडी उजव्या वळणावर, ड्रायव्हर डावीकडे, त्याला समोरच्या बॉयलरमुळे पुढचं दिसेना. पाहिलं ते उजवीकडच्या फायरमननं. पंढरीनाथ ओरडले, ब्रेक लागला, माणसांनी भरलेले सात डबे मागे सुखरूप थांबले. वरून घरंगळत आलेला एकच दगड त्यांच्या खिडकीखाली आदळला. दुसऱ्या दिवशी पेपरात ड्रायव्हरचं नाव छापून आलं. फायरमनचं आलं नाही. ड्रायव्हर भला माणूस. शेडमध्ये पोचा काढायला माणसं आली, तेव्हा तो आडवा उभा राहिला. पंढरीचं नाव कुठंच नाही, निदान हे राहू द्या, म्हणाला. इंजिन भंगारात गेलं तोवर तो पोचा राहिला होता.

“आजोबांकडे सर्टिफिकेट नाही, फोटो नाही. तेवढाच पोचा होता,” ती म्हणाली. “आणि तुला एकच सांगितलं होतं. हात मागे.”

ठोकून सरळ केलेला पत्रा कडक होतो, पुन्हा दाबला तर चिरतो, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. नवी बाजू करायला दिवस उरले नव्हते. ती रविवारी जाणार नाही म्हणाली, आणि डबा उचलून निघून गेली.

घरी मितेशला जेवण गेलं नाही. त्याची आई, गुणाबाई, तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, आणि त्यानं सगळंच सांगून टाकलं. इंजिन, पोचा, दीक्षा, तिची जात, आपलं मन. गुणाबाई सुपातले खडे वेचत राहिली. सकाळी जेवणाचा डबा हातात देताना मात्र म्हणाली, “सुकट खाते का ती?”

“खाते.”

“मंग आन एक दिस. बापाला मी सांगन.”

शुक्रवार म्हणजे लूम बंद, सगळी भिवंडी कान मोकळे झाल्यासारखी शांत. दीक्षा ड्युटीवर होती. मितेश तिच्या घरी गेला. पंढरीनाथ दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. गुपित फुटू नये म्हणून त्यानं खूप आडवळणानं सुरुवात केली, की तुमच्या इंजिनाला म्हणे एक पोचा होता, तो साधारण कसा...

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. “पोरगी वरीसभर माळ्यावर खरडते. तिला वाटतं मला ऐकू येत न्हाय.”

मग त्यांनी मितेशचा तळहात ओढून घेतला, त्याचा खोलगट पसा केला आणि त्यात अंगठा दाबला. दगड वरून आला होता. म्हणजे वर खोल आणि खाली निवळत गेलेला.

“आन् मधी एक धार हाय. दगडाच्या कोपऱ्याची. बोट फिरवलं का लागायची. ती इसरू नको.”

“दीक्षानं केला होता त्यात धार नव्हती,” मितेश म्हणाला.

“तिनं इचारलंच न्हाय कधी. तिला वाटतं, तिला समदं ठावं हाय.” हे सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा कौतुकानं फुलला होता.

शनिवारी दुपारी दीक्षा आली, ती त्यानं पाठवलेल्या एका ओळीच्या मेसेजमुळे. इंजिन घेऊन एकदा ये, मग हवं तर कधी बोलू नकोस. ती डबा छातीशी धरून दारातच थांबली. बाकावर पितळेच्या पत्र्याचे चौतीस तुकडे ओळीनं मांडले होते, प्रत्येकावर एक पोचा. ती एकेकावरून अंगठा फिरवत गेली. हा फार खोल, हा फार गोल... शेवटच्या तुकड्यावर अंगठा थांबला.

“ही धार कसली?”

“आजोबांनी सांगितलेली.”

अकरा रविवार तिला वाटत होतं की हा पोचा तिच्याइतका कुणालाच माहीत नाही. मग तिनं डबा उघडला, केबिनची उजवी बाजू सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“पण तो चिरेल ना?”

“तापवून नरम करतो. रंग जळेल, तेवढा तुला पुन्हा द्यावा लागेल.”

त्याचे हात सवयीनं मागे जायला लागले होते. तिनं ते पाहिलं. “हात मागे ठेवून पोचा पडत नाही,” ती म्हणाली.

पत्रा ज्योतीवर लालसर झाला, निवला. त्यानं तो शिशाच्या ठोकळ्यावर ठेवला, मुद्दाम घासून घडवलेली खुंटी टेकवली आणि हातोडी उचलली. जन्मभर वाकलेलं सरळ करायलाच ती उचलली होती. एकच ठोका. पत्रा चिरला नव्हता, आणि पोचा असा बसला होता जणू सत्तेचाळीस वर्षं तिथेच होता.

ती रंग देत असताना तो म्हणाला, “दीक्षा... एक सांगायचंय.”

“सांग.”

“मला तू आवडतेस. म्हणजे... पहिल्या दिवसापासून. तू दादा म्हणालीस ना, तेव्हापासून. आईला सांगून झालंय. ती म्हणते, सुकट खात असेल तर आण.”

दीक्षाचा ब्रश हलला नाही. “मला सांगायच्या आधी आईला सांगितलंस?”

“तिची भीती जास्त होती.”

ती ओठ आवळून हसू दाबत राहिली. उत्तर उद्या ठाण्याला, एवढंच म्हणाली.

रविवारी मितेश इस्त्रीचा शर्ट घालून हॉलवर पोचला तेव्हा टेबलाभोवती गर्दी होती. मोठमोठी माणसं वाकून वाकून तिचं इंजिन बघत होती, रेलिंगचे डोळे कशाचे म्हणून विचारत होती. “भिवंडीच्या लूमचे,” दीक्षा मान ताठ करून सांगत होती. भावानं केलं का, हे आज कुणी विचारत नव्हतं.

पंढरीनाथ खुर्चीवर बसून अंगठा खिडकीखाली फिरवत होते. वर खोल, खाली निवळत गेलेला. मध्ये अंगठा अडला. त्यांनी डोळे मिटले आणि तो तिथेच ठेवला.

“हाच,” ते म्हणाले. “हाच तो.”

मितेशनं वाकून त्यांना जय भीम केला. ते समोरच्या कार्डाकडे बोट दाखवू लागले. प्रत्येक टेबलावर असतं तसं छापील कार्ड, आणि त्यावर तीन ओळी होत्या:

फायरमन : पंढरीनाथ.
इंजिन : दीक्षा.
पोचा : मितेश.

त्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्याचा हात लागलेला ज्या मुलीला चालत नव्हता, तिनं त्याचं नाव आपल्या नावाखाली छापून जगासमोर मांडलं होतं.

“नाव छापून आलं रे तुझं,” पंढरीनाथ म्हणाले. मग कार्डावरची पहिली ओळ पुन्हा वाचून स्वतःशीच म्हणाले, “माजं बी आलं.”

दीक्षा टेबलाला वळसा घालून मितेशच्या शेजारी येऊन उभी राहिली. लोक बघत होते. त्याचे हात सवयीनं पाठीमागे बांधलेले होते. तिनं त्यातला एक ओढून पुढे घेतला, आणि सगळ्यांसमोर धरून ठेवला.