मुठीतली ऊब

ते साल चौऱ्याण्णव. त्या वर्षी मावशीच्या उजव्या हाताची नखं वाढायची थांबली, आणि तिच्या ते लक्षात यायला पुढचा उन्हाळा उजाडला.

मावशी म्हणजे ठकीची मावशी. घरात तिघीच होत्या: आजारी ताई, ताईची सात वर्षांची ठकी आणि ही. ठकी रांगत होती तेव्हाच तिचे वडील गेले. तेव्हा धाकटी बहीण चार दिवसांचे कपडे घेऊन आली, ती आलीच.

मावशी प्रयोगशाळेत कामाला होती. जुन्या इमारतीचा तळमजला, काळ्या दगडाची लांब टेबलं, शिळ्या पावासारखा जिवाणूंचा वास आणि कोपऱ्यात सदा घुरघुरणारा मोठा फ्रीझर. तिथे माणसाच्या पेशीतलं एक प्रोटीन तयार करत. आपल्या अंगात एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. थांबायचं कधी, ते हे प्रोटीन सांगतं. ते बनवणारा माणसाचा जीन जिवाणूंमध्ये घालायचा, जिवाणू मोप वाढवायचे, मग ते फोडून त्यांतून प्रोटीन वेगळं काढायचं आणि करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांत गोठवून ठेवायचं. औषध नव्हे, निव्वळ संशोधनासाठी. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला थांब्या म्हणत.

गोठलेली नळी बर्फावर सावकाश वितळवावी असा तिथला नियम. पण मावशीला तिच्या पहिल्या गुरूंनी मुठीत वितळवायला शिकवलं होतं. अंगाची ऊब द्यायची, मधूनच टिचकी मारायची, शेवटचा कण विरघळला की नळी बर्फात खोचायची. सवय ती सवय. रोज उजवी मूठ.

आणि गंमत म्हणजे, तिने वितळवलेला थांब्याच तेवढा काम करी. तो सोडला की चाचणीसाठी ताटलीत वाढवलेल्या पेशी जागच्या जागी थबकत. दुसऱ्या कुणी बर्फावर वितळवलेला सोडला, तर पेशी आपल्या वाढतच.

"हातगुण आहे तुमचा, मॅडम," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणत. "शोधनिबंधात पद्धत काय लिहू? मॅडमची मूठ?"

"लिहा की. शेजारी मुठीचा फोटो छापा."

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या पाठीत, खांद्याच्या खाली, गाठ होती. कापून काढण्याच्या पलीकडची. वर्ष निघणं कठीण, असं डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ताईला न सांगताच कळलं होतं. तिचं मागणं एकच: "ठकी मोठी झालेली बघू दे. मग मी एका पायावर तयार आहे."

सकाळी कामावर जाताना मावशी ठकीला शाळेत सोडी, उजव्या हातात तिचा डावा हात घट्ट धरून. संध्याकाळी तेल कोमट करून ताईची पाठ चोळी. त्याच हाताने.

वर्ष निघालं. डॉक्टरांनी गाठ मोजली, पुन्हा मोजली.

"आहे तेवढीच आहे," ते म्हणाले.

"असं होतं का?"

"होत नाही."

ताई अंथरुणात उठून बसायला लागली. "यमाला पत्ता सापडला नसेल," म्हणे. तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्याची जखम मात्र भरत नव्हती. चिघळतही नव्हती. ओली, लाल, कालच झाल्यासारखी.

ती जखम पुसताना एकदा मावशीची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली. काचेने कापलेलं. केव्हा बरं? मागच्या हिवाळ्यात. तेही तसंच लाल होतं. मग तिने दोन्ही हात उजेडात धरले.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं, "बंद नळीतून हाताला काही लागेल का?"

"मॅडम, प्रोटीन आहे ते. प्लास्टिक ओलांडून कातडीत शिरायला भूत नाही."

"मग माझी नखं?"

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "लोहाच्या गोळ्या घ्या. रजा मात्र घेऊ नका."

तिने हातमोजे घातले, एकावर एक. त्या दिवशीही पेशी थांबल्या. त्यानंतर तिने कुणाला काही विचारलं नाही. गाठ थांबली होती. कारणाशी तिला काय करायचं होतं?

रविवारी ती ठकीची नखं कापी. हल्ली ठकी आपली आपण कापायला शिकली होती. त्या रविवारी उन्हात बसून तिने उजवा हात संपवला आणि नेलकटर ठेवून दिला.

"डावा कोण कापणार? मी?"

"त्याची कापावी लागत नाहीत."

"कधीपासून?"

"कधीचीच." ठकीने दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले. "हे बघ मावशी, आता जुळतपण नाहीत."

उजव्या हाताची बोटं डाव्याच्या वरून डोकावत होती.

मावशीने मागे पाहिलं. ताई पलंगावरून बघत होती.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन आली, तर ताई भिंतीला पाठ लावून बसलेली.

"नको."

"ताई, असं करू नकोस."

"तुला ठाऊक होतं?"

"गाठीचं होतं. ठकीचं नाही गं."

"ते काम सोड. मी आहे तोवर तू सोडणार नाहीस, एवढं मला कळतं."

"ताई..."

"तिला मोठी झालेली बघायला थांबले ना मी? तीच थांबली, तर बघू काय?"

मावशीने वाटी खाली ठेवली.

ताईने पुन्हा पाठीला हात लावू दिला नाही. गाठ वाढली. ताई गेली तेव्हा ती जखम स्वच्छ भरून आली होती.

मावशीने काम सोडलं आणि शाळेत विज्ञान शिकवलं. थांब्या पुढे कुणाच्याच हातून चालला नाही. सरांनी दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या प्रोटीनवर नाव कमावलं. अधूनमधून फोन करून हातगुणाची चौकशी करत. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मावशीचा डावा हात सुरकुतलाय, त्यावर डाग पडलेत. उजवा तरुण आहे, आणि अंगठा अजून लाल.

ठकी उंच झाली, आईसारखी. इमारतींचे नकाशे काढते. डावा हात बाहीत ठेवायची तिची सवय काही जात नाही. तो सात वर्षांचाच राहिला. नवरा थट्टेखोर मिळाला, "दोन बायका पदरात पडल्या, एक मोठी, एक छोटी," म्हणतो. तिची मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. मावशी त्या पोरीला कधी कडेवर घेत नाही, जवळ आली तर उजवा हात पदराखाली घेते. शाळेत ठकीच सोडते. पिशवी उजव्या खांद्यावर, डाव्या हातात मुलीचा उजवा हात.

परवा रविवारी मावशी खुर्चीत बसून होती. समोर उन्हात ठकी मुलीची नखं कापत होती. पोरीने फक्त डावा हात पुढे केला होता. तो झाला, तसा ठकीने नेलकटर मिटला, आणि मुलगी खेळायला पळाली.