री ओढणारा

बॉम्ब निकामी करणाऱ्या त्या लष्करी पथकात एक नियम होता. बॉम्बपाशी गेलेल्या माणसानं हात हलवण्याआधी काय करतोय ते बोलायचं आणि दूर गाडीत कानाला हेडफोन लावून बसलेल्यानं ते शब्दन् शब्द परत म्हणायचं. ते ऐकू आलं की मगच हात पुढं. पथकात याला री ओढणं म्हणत. आपली चूक आपल्याला कळत नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की लगेच खटकते, एवढंच त्यामागचं शहाणपण.

पथकात दोन भाऊ होते, थोरला आणि धाकटा. थोरला एका बॉम्बपाशी गेला त्या दिवशी त्याची री ओढायला पथकाचे साहेब होते. रस्ता अडवून उभ्या असलेल्या धाकट्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: साहेब गाडीबाहेर, एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानावर हेडफोन, आणि तोंडानं नुसतं "हं, हं" चाललेलं. मग स्फोट झाला, थोरला गेला. चौकशीत साहेब म्हणाले, त्यानंच घाई केली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. धाकटा बोलायला गेला तर लहान तोंडी मोठा घास नको म्हणून त्याला बाहेर बसवलं.

"घाई?" वहिनी म्हणाली होती. "ह्यांनी बुटाची नाडी तरी कधी घाईनं बांधली का?"

त्या दिवसापासून धाकट्याला साहेबांचा चेहरा बघवत नसे.

आज बस डेपोच्या धुलाईच्या शेडमध्ये एक बेवारस पेटी सापडली. नेहमीचा माणूस तापानं फणफणलेला, तेव्हा साहेबांनाच तो जाडजूड पोशाख चढवावा लागला. री ओढायला धाकटा.

"लक्ष असू दे रे," साहेब म्हणाले.

"असणारच, साहेब."

गाडीत डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास भरला होता. काचेतून दुपारचं ऊन मांडीवर येत होतं. साहेब ओल्या फरशीवरून जड पावलांनी गेले आणि पेटीपुढं गुडघ्यांवर बसले.

"डावा स्क्रू काढतोय."

धाकट्यानं आपल्या माइकची वायर उपसून काढली. साहेबांना मारायचं त्याच्या मनात नव्हतं. उत्तर येत नाही म्हणजे काय, ते त्यांना एकदा कळावं, दरदरून घाम फुटावा, एवढंच. सूडच होता तो, आणि त्याला बरं वाटत होतं.

हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला.

"डावा स्क्रू काढतोय."

साहेबांचा हात हलला.

धाकट्यानं मुठीतल्या सुट्या वायरकडे पाहिलं. ते खाकरणं तो लहानपणी थोरल्याशेजारी एकाच पांघरुणात झोपून ऐकत असे.

"झाकण उचलतोय," साहेब म्हणाले.

"झाकण उचलतोय." सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"तुझा आवाज अगदी तुझ्या दादासारखा येतोय रे." साहेब हसायला गेले.

"तुझा आवाज अगदी तुझ्या दादासारखा येतोय रे."

शेडमध्ये कुठंतरी नळ ठिबकत होता.

मग तो आवाजच आधी आला. "लाल तार वेगळी करतोय."

"लाल तार वेगळी करतोय," साहेब बारीक आवाजात म्हणाले.

धाकट्यानं धडपडत वायर जागेवर खोचली. "साहेब, थांबा. मी बोलतोय, मी."

साहेबांनी मान वळवली नाही. आधी तो आवाज, मागोमाग साहेब:

"कापतोय."

"कापतोय."

काहीच झालं नाही. बॉम्ब निकामी झाला होता.

साहेब चालत परत आले. पथकातल्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्यांचं शिरस्त्राण उतरवलं, हातात पाण्याचा ग्लास दिला.

"पाणी पितोय," साहेब म्हणाले आणि ग्लास ओठांशी धरून तसेच उभे राहिले.

"मग प्या की, साहेब," ड्रायव्हर हसून म्हणाला.

साहेबांची नजर धाकट्यावर होती. हेडफोनमध्ये आता चिटपाखरूही नव्हतं.

ग्लास हातातून निसटला.

"श्वास घेतोय," साहेब म्हणाले आणि थांबले.

त्यांची छाती हलेना. ओठ निळे पडू लागले. धाकट्यानं फक्त तेवढे दोन शब्द म्हणायचे होते.

तो त्यांच्याकडे बघत बसला.