सरावकण

मिरजेत आताशा कवळी कोणी वापरत नाही. जबड्यात नवा दात रोवतात आणि तो मज्जातंतूशी जोडून देतात. म्हणजे त्याला गरम, गार, कठीण, मऊ सगळं कळतं. बहुतेकांना थोड्याच दिवसांत विसरही पडतो, की हा दात आपला नव्हे.

कीर्तनकार गोदाताई गुरवांना मात्र विसर पडेना. लहानपणापासून त्यांना सगळंच जास्त लागायचं. पोलक्याची शिवण टोचायची, वाटीला चमचा घासला तरी जीव कासावीस व्हायचा. वरचे पुढचे दात नवे बसवल्यापासून तोंडात कुणी परकं माणूस राहायला आल्यासारखं झालं होतं. भात खडीसारखा लागे. गायला तोंड उघडावं तर झिणझिण्या थेट कानशिलापर्यंत जात. आणि रामनवमीचा उत्सव तर जवळ आलेला.

"दात उत्तम बसलेत," डॉक्टर नीलोफर मुजावर म्हणाल्या. "अडचण मेंदूच्या दारात आहे. ताई, पायांत जोडवी आहेत ना तुमच्या? मी विचारेपर्यंत जाणवत होती?"

"होती की. दिवसभर जाणवतात."

"हेच ते! माझी अंगठी मला आत्ता बोलताना आठवली."

तीच बातमी वारंवार आली, की मेंदू ती दारातूनच परत पाठवतो. यालाच आपण सराव म्हणतो. गोदाताईंचं हे दार मिटतच नव्हतं. त्यावर उपाय होता सरावकण. तांदळाच्या कणीएवढं हे यंत्र हिरडीत बसवतात. पहिली दुपार ते जबड्यातली कंपनं नुसती ऐकत राहतं. जे एकसारखं येत राहील ते ओळखून ठेवतं आणि पुढे मेंदूला बजावतं, ही जुनी बातमी, आत घेऊ नकोस.

"ते ऐकत असताना बोलायचं नाही, चघळायचं नाही. अगदी गप्प."

"हिला गप्प बसवलंत तर तुमचा सत्कार करू देवळात," तबलजी विसूभाऊ म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते बायकोच्या कीर्तनाला साथ करत होते.

"तुम्ही बाहेर बसा आधी," गोदाताईंनी नवऱ्याला पिटाळलं.

यंत्र सुरू झालं आणि दातांतली कळ डोक्यात चढली. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले. अशा वेळी त्यांना लहानपणापासून एकच औषध ठाऊक होतं. मिटल्या ओठांआड जीभ हलू लागली. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. आपण बोलतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. नाम घेणं हे त्यांच्या लेखी श्वास घेण्यासारखं होतं.

संध्याकाळी त्यांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली. दात जणू तोंडात नव्हतेच. विसूभाऊ आपलं ताट विसरून बघत राहिले.

पाडव्याला पहिलं कीर्तन उभं राहिलं. नमन झालं, पद रंगलं, आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला. मग नामाचा गजर सुरू झाला आणि गोदाताई दचकल्या. झांजा ऐकू येत होत्या, लोकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. तोंडून नाम निघत होतं, पण जिभेवर उमटत नव्हतं, आत कुठे पोचत नव्हतं. रोज याच जागी त्यांचा गळा भरून यायचा. आज समोरच्या बायका पदराने डोळे पुशीत होत्या आणि त्या कोरड्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दातांबरोबर यंत्रानं नामही जुनी बातमी म्हणून धरलं. आता दोन्ही वेगळं करता येणार नाही. कण काढला तर नाम परत येईल, आणि दातही पूर्वीसारखेच छळतील."

"काढा," गोदाताई म्हणाल्या.

"अगं, रामजन्माचं कीर्तन तोंडावर आहे," विसूभाऊ अजिजीने म्हणाले. "त्या दातांनी तुला उभं राहवणार नाही. तुला असं निवांत जेवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं गं. उत्सव होऊ दे."

गोदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "लोकांपर्यंत तर पोचतंय ना नाम? मग राहू दे तोवर. माझं मी सोसेन."

"सोसायला तुम्हाला मिळणार नाही, हीच भीती आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही हुरहूरही रोज तीच येणार, ताई. दार एकदा मिटायला शिकलं, की मेंदू तीही परत पाठवील. आज दुखतंय, तेव्हाच ठरवा."

"मग मी उत्सवानंतर नको म्हटलं तरी काढा."

"त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात, तर मला त्या दिवशीच्या गोदाताईंचंच ऐकावं लागेल."

"इतकी वर्षं घेतलेलं नाम आहे. मी विसरेन होय?" असं म्हणून त्या उठल्या.

रामजन्माला देऊळ भरून वाहिलं. पाळणा हलला, गुलाल उधळला, असं कीर्तन ऐकलं नव्हतं म्हणून लोक पाया पडले.

उत्सव उलगडल्यावर नवराबायको दवाखान्यात आले. डॉक्टरांनी साहित्य मांडून ठेवलं होतं.

"अहो, काढायचं कशाला?" गोदाताई प्रसन्न हसल्या. "छान चाललंय. यांचाच हट्ट, म्हणून आले."

"आणि नाम?"

"घेते की. चुकवत नाही एकही दिवस." त्यांनी पर्समधून प्रसादाची सुंठवड्याची पुडी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "सकाळी दात घासते, नाम घेते, मग चहा."

विसूभाऊ खाली मान घालून बसले होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"यांना काय झालंय कोण जाणे," गोदाताई म्हणाल्या. "कालपासून असेच रडतात."