मनगटावरची सासू

आई बाथरूममध्ये घसरून पडली, त्यानंतर मी तिच्यासाठी स्मार्टवॉच घेतलं. फार लागलं नव्हतं. कोपर सुजलं होतं आणि कंबर धरली होती. पण तिने मला काही कळवलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या मावशींनी फोन करून सांगितलं.

"तुला कशाला सांगायचं?" आई म्हणाली. "तू बसने पाच तासांनी येणार. तोवर मी उठून चहासुद्धा केला असता."

पुढच्या सुट्टीत मी घड्याळ घेऊन गेले. आई नेहमीप्रमाणे खिडकीपाशी मशीनवर होती. ती शाळेचे गणवेश शिवायची, लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. मशीन जुनं, पायाने चालवायचं, लोखंडी जाळीच्या रुंद पेडलचं. त्याचा आवाज जमिनीतून खाली उतरायचा. लहानपणी मी त्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजात झोपले. आवाज थांबला की जाग यायची.

घड्याळ सुरू करायला आईच्या फोनवर तिचा अंगठा लागत होता. परवानग्यांची लांबलचक यादी होती: हृदयाचे ठोके, झोप, पावलं, कुठे आहात ते ठिकाण. हे सगळं माझ्या फोनवर दिसणार होतं.

"अंगठा ठेव गं इथे."

"कशाला?"

"असंच. चालू व्हायला लागतो."

तिच्या अंगठ्याला मापं आखायचा निळा खडू लागला होता. फोनला तो ओळखू येईना. मी माझ्या रुमालाने तिचा अंगठा पुसला आणि हातात धरून पुन्हा काचेवर टेकवला. सुईने टोचून टोचून त्याचं टोक खरखरीत झालं होतं. यादी तिने वाचली नाही. मीही वाचून दाखवली नाही.

शेवटी एक प्रश्न आला: दोघींनाही एकमेकींची माहिती दिसायला हवी का? मी 'नाही' निवडलं. माझ्या मनगटावरही तसंच घड्याळ होतं, पण माझे ठोके पाहून आईला काय करायचं होतं?

घड्याळ उपयोगी होतं, हे नाकारता येणार नाही. गोळ्यांची आठवण करून द्यायचं. बराच वेळ बसून राहिलं की मनगटाला थरथर करून उठवायचं. पडलं तर मला कळवायचं. एकदा आईच्या हातून इस्त्री निसटली, तिने हात झटकला आणि माझ्या ऑफिसात धोक्याची सूचना वाजली. मी घाबरून फोन केला, तर ती हसत सुटली.

"मनगटावर सासू बसवलीस तू माझ्या! खरीखुरी होती तीसुद्धा एवढी मागे लागली नव्हती. ऊठ म्हणते, चाल म्हणते, श्वास घे म्हणते. अगं, श्वास काय तिला विचारून घेऊ?"

तेव्हापासून घड्याळाचं नाव सासूबाई पडलं.

त्या अॅपमध्ये तयार संदेश होते. समोरचं माणूस पुरेसं चाललं की एक बटण दाबायचं, मग त्याच्या फोनवर टाळ्यांच्या चित्रासह मजकूर जायचा: 'शाबास! आज छान चाललात.' मी तो जवळजवळ रोज पाठवायचे. आईने एकदा विचारलं, "मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस?"

"मी नाही गं, ते आपोआप येतं."

"मग तू काय करतेस?"

मी हसण्यावारी नेलं.

मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधणं हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. कामाच्या मधे डोळे वर केले की फोनवर आईचा नकाशा उघडायची सवय मला कधी लागली, ते सांगता येणार नाही. काळजीपोटीच लागली. निळा ठिपका घरात असला की बरं वाटायचं. दर मंगळवारी दुपारी मात्र तो ठिपका एका बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या गल्लीत जायचा आणि तासभर तिथेच थांबायचा. त्या तासात आईचे ठोके नेहमीपेक्षा संथ असायचे. झोपेतही इतके संथ नसायचे.

एकदा बोलता बोलता मी विचारून टाकलं. "मंगळवारी त्या सिनेमाच्या मागे काय करतेस गं?"

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"तुला कोणी सांगितलं?"

"घड्याळात दिसतं."

तिने कात्रीने दोरा कापल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काम असतं माझं." आणि आवाज पुन्हा सुरू झाला. त्या गल्लीत काय होतं, हे मला आजही माहीत नाही. नंतर मी तिथे जाऊन आले. एक बाकडं आहे आणि एक झाड. बाकड्यावर एका माणसापुरतीच जागा आहे, दुसरी फळी तुटली आहे.

त्यानंतर ठिपका मंगळवारीही घराबाहेर पडला नाही. आईची पावलं मात्र वाढली. ठोके एका लयीत पडू लागले. चढ नाही, उतार नाही. एखाद्या मुद्रितात मजकूर इतका स्वच्छ आला असता, तर मी संशयाने पुन्हा वाचला असता. इथे मी शाबास पाठवत राहिले.

"सासूबाई खूश?" आई फोनवर विचारायची.

"एकदम खूश."

"मग झालं तर."

तो गुरुवार होता. सकाळी मी आईला फोन करणार होते, पण एक पुस्तक छपाईला जायचं होतं आणि शेवटची पानं माझ्या टेबलावर होती. मी नुसता फोन उघडून पाहिला. पावलं पडत होती. ठोके ठीक होते. म्हटलं, संध्याकाळी निवांत बोलू. दुपारी डबा खाताना पुन्हा पाहिलं, तर रोजच्यापेक्षा किती तरी जास्त पावलं झाली होती. मी बटण दाबलं. 'शाबास! आज छान चाललात.'

संध्याकाळी मावशींचा फोन आला.

आई स्वयंपाकघरात पडली होती. डॉक्टर वयस्कर होते, हळू आवाजात बोलत होते. सकाळीच पडल्या असाव्यात, म्हणाले. "पण लगेच नाही गेल्या. दुपारपर्यंत असाव्यात. कोणी आलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. त्यांना वाटलं, त्यामुळे मला कमी लागेल.

सगळं आटोपल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला, पुन्हा धरला.

"मी आलेच असते गं वर. रोज एक फेरी असते माझी. पण त्या दिवशी म्हटलं, कामात आहे, कशाला मोडता घालायचा? दिवसभर मशीन चालू होतं ना."

"दिवसभर?"

"अगं, तुझा फोन आला की मधे मधे थांबायचं, तेवढंसुद्धा थांबलं नाही. मी दार उघडून आत आले, तेव्हा कुठे थांबलं."

त्या असं बोलल्या आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या उठून खाली गेल्या.

आईच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ते मला मशीनखाली मिळालं. पेडलच्या लोखंडी जाळीला पांढऱ्या फितीने बांधलेलं, घट्ट, आईच्या हातच्या दुहेरी गाठीने. ती शिवत असेल तेव्हा पेडल हलायचं आणि सासूबाई पावलं मोजायच्या. बाकीचा वेळ आई तिची तिची असायची. घरात, गल्लीत, बाकड्यावर, जिथे असेल तिथे. मला हसू आलं. इतकं आईसारखं होतं ते. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मशीनवर निळं जाड कापड होतं, गणवेशाचं. सुई त्यात रुतलेली होती. मी चाक फिरवून सुई वर घेतली आणि कापड ओढून उजेडात धरलं. शिवणीच्या रांगा होत्या, एकीला लागून एक, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ, सारख्या अंतराच्या. टाके मात्र नव्हते. नुसती भोकं होती. सुईत दोरा ओवलेलाच नव्हता. बॉबिनही रिकामी होती.

घड्याळ मी माझ्या शहरात एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तरुण, बडबड्या. "यंत्र चोख आहे ताई. काही बिघाड नाही."

"माणसाच्या हातावर नसताना ठोके दाखवू शकतं?"

"शकतं की! कशालाही टेकवलं की गोंधळतं. उशीला बांधा, उशीचं हृदय चालू!" तो हसला. माझ्याकडे बघून गंभीर झाला.

"आणि पावलं?"

"पावलं नाही ना मोजत उगाच. ते हलायला लागतं. कोणीतरी हलवलं असणार."

"घरात कोणी नव्हतं."

त्याने घड्याळ पुसलं, काउंटरवर ठेवलं आणि हळूच माझ्याकडे सरकवलं. पैसे घेतले नाहीत.

आईचं घर रिकामं करताना बाकी सगळं वाटून टाकलं. मशीन देववेना. ते माझ्याकडे आलं, बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. मला शिवता येत नाही. मी सुई काढून डबीत ठेवली, चाकाचा चामडी पट्टा उतरवला आणि मशीनवर चादर टाकली. आईचं घड्याळ कपाटात गेलं. त्याची बॅटरी कधीच संपली होती. माझंही मी मनगटावरून उतरवून फळीवर ठेवलं. कोणी शाबास म्हणावं, असं मी काही चालत नव्हते.

माझ्या खालच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्याच. एका संध्याकाळी मी ऑफिसातून परतत असताना त्या लिफ्टमध्ये भेटल्या.

"तुम्ही शिवणकाम सुरू केलंत वाटतं? छान केलंत. मन रमतं."

"नाही हो. मी दिवसभर बाहेर असते."

"असं?" त्या क्षणभर थांबल्या. "मग वरून दुसरीकडून येत असेल आवाज. काही असो, बरं वाटतं ऐकायला. घरात माणूस आहे असं वाटतं."

मी घरात गेले. चादर होती तशी होती. पट्टा उतरवलेलाच होता. मी पट्टा पुन्हा चढवून पाहिलं नाही, सुई डबीत आहे का तेही पाहिलं नाही. यात काय आलं, असं स्वतःला म्हटलं. इमारत जुनी आहे, आवाज कुठून कुठेही जातात.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. ऑफिसला कळवलं आणि पडून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तहान लागली म्हणून उठले. गोळी घ्यायची वेळ झाली का ते पाहायला फळीकडे हात नेला. घड्याळ तिथे नव्हतं. फोन गाऊनच्या खिशात टाकला आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण उचललं एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा गाल फरशीवर होता. फरशी गार होती आणि बरी वाटत होती. उजवा हात अंगाखाली अडकला होता. पाय माझे आहेत असं वाटत नव्हतं.

कोणीतरी येईल, असं मनात आलं. मग कोण येईल, याचा विचार केला.

बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता.

लहानपणीचा. तीच लय. त्या आवाजात मला झोप येऊ लागली.

जमिनीला कान लागलेला होता, त्यामुळे तो खालपर्यंत किती स्वच्छ जात असेल ते मला कळत होतं. खाली बाई आरामखुर्चीत बसल्या असतील. त्यांना बरं वाटत असेल.

मी पडले होते तिथून दारातून बाहेरच्या खोलीची फक्त जमीन दिसत होती. चादरीची कड. तिच्याखाली मशीनचे लोखंडी पाय. मधे पेडल, पुढे-मागे, पुढे-मागे. त्याच्यावर पाय नव्हते. जाळीला काहीतरी पांढऱ्या फितीने बांधलेलं होतं. दर खेपेला त्याची काच उजेडात चमकत होती.

खिशातला फोन थरथरला.

डावा हात तेवढा हलत होता. खूप वेळ लागला, पण मी फोन ओढून चेहऱ्यासमोर आणला. काचेच्या खालच्या बाजूला, अंगठा ठेवतात तिथे, निळा खडू लागला होता.

संदेश आईचा होता. टाळ्यांचं चित्र होतं, आणि त्याखाली मजकूर.

'शाबास! आज छान चाललात.'