चावी खिशात होती

खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा धाकटा मामा आहे. त्याला थापा मारता येत असत्या तर त्याचं आयुष्य बरंच सोपं झालं असतं.

वार शनिवार. संध्याकाळचे पाच. बाहेर लख्ख ऊन होतं.

जागा... गॅरेज.

गॅरेज थोरल्या मामाचं. तीस वर्षं तो बोनेटखाली वाकायचा आणि धाकटा आत बसून चावी फिरवायचा. "मार!" म्हटलं की सेल्फ मारायचा, "बस!" म्हटलं की सोडायचा. वायरींना हात लावायची त्याला मुभा नव्हती. "तुला कशाचा अर्थ लागत नाही," असं थोरला चारचौघांत म्हणायचा आणि सगळे हसायचे. कारण गॅरेजमध्ये अर्थ म्हणजे अर्थिंग, वीज बॅटरीकडे परत जायची वाट.

दोन महिन्यांपूर्वी थोरला गेला. त्याची लाडकी जुनी गाडी गॅरेजच्या मधोमध बंद पडून राहिली.

"भावोजी, आज सहापर्यंत वाट बघते," थोरल्या मामीने सांगितलं होतं. "गाडी चालू झाली तर गॅरेज तुम्ही सांभाळा. नाही झाली तर शटर कायमचं खाली. त्यांच्या नावाला बट्टा नको."

सकाळपासून मामा घाम गाळत होता. चावी फिरवली की सेल्फपाशी एकच आवाज...

कट्ट.

इंजिन ढिम्म.

बॅटरी तपासली, फुल होती. टर्मिनल घासले. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला, तर भिंगरीसारखा फिरला. पुन्हा जागेवर बसवला...

कट्ट.

मामाने पाना आपटला. तो नेमका त्याच्याच पायावर पडला.

"मालकासारखीच हेकट आहेस तू!" तो गाडीवर खेकसला.

चरफडतच तो बोनेटखाली वाकला. वीज तपासायच्या टेस्ट लॅम्पची वायर सेल्फला टेकवली आणि कानात बसलेला शब्द त्याच्या तोंडून गेला.

"मार!"

कट्ट.

"बस. परत मार."

कट्ट.

मग त्याच्या लक्षात आलं. गॅरेजमध्ये दुसरं कोणीच नव्हतं.

आणि चावी... त्याच्या खिशात होती.

घाबरायच्या आधी तो वैतागला. "आता स्विचही गेला का!" त्याने स्विचमागच्या वायरी उपटून काढल्या आणि दहा मिनिटं गप्प उभा राहिला.

काही नाही.

मग अगदी हळू, स्वतःलाच जेमतेम ऐकू जाईल असं तो पुटपुटला, "मार..."

कट्ट.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाय शटरकडे वळलेसुद्धा. पण घड्याळात साडेपाच वाजून गेले होते, आणि तीस वर्षांचा राग भीतीपेक्षा मोठा निघाला.

"दादा! जिवंत होतास तेव्हा हात लावू दिला नाहीस. आता तरी नीट मदत कर, नाहीतर ऊठ त्या सीटवरून!"

सगळं शांत झालं. पंखा फिरत होता... पण त्याचाही आवाज येत नव्हता.

"मार," मामा म्हणाला.

कट्ट... कट्ट... कट्ट...

या वेळी ते थांबेचना. मामाचा हात चुकून इंजिनला जोडलेल्या चोकच्या तारेला लागला आणि चटका बसला.

चोकची तार कधी तापत नाही. तापली म्हणजे वीज तिच्यातून आडवाटेने परत जात होती. खरी वाट बंद होती.

"बस!" म्हणत तो गाडीखाली घुसला. इंजिन आणि सांगाडा जोडणारी अर्थची जाड पट्टी बोल्टने घट्ट आवळलेली होती. तिच्याखाली काळा, नवाकोरा रंग. रंगातून वीज जाते कशाला!

पट्टी सोडवून सांगाड्याला तो रंग मामानेच दिला होता. दादाला खूश करायला, त्याला न विचारता. आणि शेवटचे दिवस दादा हाच बिघाड शोधत झिजला होता.

मामा तिथेच पडल्या पडल्या रडला. मग पॉलिश पेपरने रंग खरवडला, पट्टी पुन्हा आवळली आणि उठून उभा राहिला.

"मार, दादा."

इंजिन गरजलं. पूर्वीसारखं, एका दमात.

"बस," मामा म्हणाला. ते बंद झालं.

त्याने आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. तेवढ्यात मामी धावत आली.

"कोपऱ्यावरूनच आवाज ऐकला मी! एकट्याने केलीत, भावोजी?"

मामाने गाडीकडे पाहिलं. मामीने डोळे पुसले आणि शटरची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आजपासून गॅरेज तुमचं."

कट्ट.

"हे काय वाजलं?" मामीने विचारलं.

मामा "मार" म्हणाला नव्हता. बॅटरीच्या वायरी त्याच्या पायाशी पडल्या होत्या.

गॅरेज आता मामाच चालवतो. कामही चांगलं करतो. पण ते दादाचं "हो" होतं की "नाही", हे त्याला अजून कळलेलं नाही. विचारायचं तर त्या गाडीपुढे उभं राहून पुन्हा "मार" म्हणावं लागेल, आणि ते काही त्याच्याने होत नाही.