मेन पडल्यावरची पावलं

“वीज कडाडली, पोर्चमधला मेन स्विच पडला, की वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं,” रोकिया आंटी म्हणाल्या. “चोरांसाठी लावलेला अलार्म मात्र गप्प. बॅटरी तर नवी कोरी आहे!”

मलेशियातल्या इपोहमधली खासगी गुप्तहेर थिलगा ऐकत होती. तिचा जोडीदार आ सेंग आंटींच्या केळ्याच्या भज्यांवर तुटून पडला होता.

“मग तुम्ही काय करता?”

“पलंगाखाली शिरते नि भाच्याला फोन करते. फैरूझ म्हणतो, मकलोंग, थोरली मावशी, तुला भास होतात. घर विक, वृद्धाश्रमात राहा. आता मलाच माझी भीती वाटते गं. हे घर सोडून कुठं जाऊ?”

थिलगाने मेन पाडला. अलार्मच्या पेटीवरचा हिरवा दिवा लगेच विझला.

ती पेटी बसवणाऱ्या लेओंगला बोलावलं, तर त्याला घाम फुटला. “शप्पथ, बॅटरी रात्रभर चार्ज करून बसवली होती! फाटकाच्या मोटरचीही बदला म्हटलं, ती केव्हाच मेलीय. आंटी म्हणाल्या, दिवे गेले तर ढकलू हाताने.”

“मेल्याने जुनी गळ्यात मारली,” आंटींशेजारी बसलेला फैरूझ म्हणाला. “परवा फोन आला तेव्हा मुसळधार पाऊस, घरात काळोख. रिमोट दाबला, गाडी थेट पोर्चमध्ये घातली, म्हणून भिजलो नाही. घरभर फिरलो, चिटपाखरू नाही!”

थिलगाने पेटीचं घट्ट झाकण उघडून बॅटरी काढली. तिच्या कडेला पालीच्या अंड्यांची दोन टरफलं चिकटली होती.

“शी! लेओंगच चोर,” आ सेंग म्हणाला.

“खाण्यातून डोकं वर काढ. या पेटीत मुंगी शिरत नाही, पाल कुठून येईल? फाटकाची मोटर बघून ये.”

तो परतला तेव्हा चेहरा उतरला होता. “आत पालीची घाण आहे. आणि चकचकीत नवी बॅटरी.”

“दोन्ही एकाच मापाच्या, म्हणून अदलाबदल जमली,” थिलगा म्हणाली. “बॅटरी मेलेली असली तरी मेन चालू असेपर्यंत पेटी हिरवा दिवा दाखवते, मेन पडला की संपलं. लेओंगला चोरायचीच असती, तर नवी त्याने दुकानात नेली असती. दिवे गेले की हे फाटक ढकलावं लागतं, हे घरच्यांना ठाऊक. तरी निर्धास्त रिमोट दाबला एकानेच, कारण मोटरमध्ये नवी बॅटरी त्यानेच घातली होती.”

फैरूझ खाली बघू लागला.

“आंटींनी घर विकावं म्हणून वीज कडाडली की मेन पाडायचा, मागच्या दाराने येऊन वर चालायचं, निसटायचं आणि गल्लीत गाडीत बसून फोनची वाट बघायची. खरं ना?”

आंटींनी आपली खुर्ची त्याच्यापासून लांब ओढली.

“पावलं वाजली की मी तुलाच बोलवायचे रे,” त्या म्हणाल्या. “आता कुणाला बोलावू?”