पिल्लाशी बोललेलं

मी वायरमन. एका गोदामातल्या मीटरच्या खोलीत मला घुबडाचं पिल्लू सापडलं, पंख दुखावलेलं. बुटांच्या खोक्यात घालून जखमी प्राण्यांच्या केंद्रात नेलं. दारात एक मुलगी उभी होती. खोकं बघून म्हणाली, "बूट बदलून मिळत नाहीत इथे."

मी झाकण उघडलं. तिचं हसू गेलं, आणि तिने ते खोकं इतक्या अलगद घेतलं, की मी... हा भाग ती रंगवून सांगते. मला जमत नाही.

मी रोज कामानंतर तिथे मदतीला जाऊ लागलो. पिल्लापाशी तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. माणसाच्या आवाजाची सवय लागली, की ते माणसाला भीत नाही. मग रानात सोडता येत नाही. ती चिमट्याने मांस भरवायची, मी पिंजरा घासायचो. ती भुवई उडवायची, मी बादली सांडायचो.

जे तिच्याशी बोलायची छाती होईना, ते मी ती नसताना पिल्लाशी बोललो. हळूच, चार-पाच दिवस. एकदा वळलो, तर ती दारात. ओढतच बाहेर नेलं मला. हे जन्मभर पिंजऱ्यात राहिलं तर, एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मी पुन्हा पिल्लाकडे फिरकलो नाही. केंद्राच्या मागे टोपल्या धूत राहिलो.

पंख बरा झाला. पिल्लाला उडायला मोठ्या जाळीघरात सोडलं होतं, तिथे केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच पाठवलं. हाक मार म्हणाल्या. जवळ आलं तर ते इथेच राहणार.

"ए राजा," मी म्हणालो.

त्याने मान वळवली, चोच कटकटवली — आणि थेट पार दुसऱ्या टोकाला उडालं.

मी बाहेर येऊन भिंतीपाशी मटकन बसलो. तीही बसली.

"त्याला काही तुझं बोलणं पटलेलं दिसत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं."

"पहिल्याच दिवशी थांबवायला हवं होतं मी तुला." ती जाळीकडे बघत होती. "रोज दाराआड उभी राहायचे... ऐकत."

तिने माझ्या कोपराची धूळ झटकली, आणि हात तिथेच राहू दिला.